पाटीवरची चाळीस मिनिटं

२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र स्टेशनात मोठ्याने वाचून दाखवलं. तुमच्याकडे आगीचा बंब निघाला की अख्खा रस्ता आपोआप बाजूला सरतो, या वाक्याला ड्रायव्हर इतका हसला की त्याला ठसका लागला. इथे आम्ही घंटा बडवत निघतो तेव्हा लोक आधी वळून बघतात, मग कुठे आग लागली ते विचारतात, आणि मग जमलं तर बाजूला होतात. एक सायकलवाला तर परवा चौकापर्यंत आमच्या पुढेच होता, जणू आम्ही त्याच्या वरातीत आलो होतो.

पण आज चेष्टा करायला लिहीत नाही. बाजारामागची ती पाचमजली शिलाईची इमारत तुला आठवत असेल. तेव्हा दोन मजले होते, आता पाच झालेत. जिना एकच, त्यावर कापडाचे गठ्ठे. खिडक्यांना लोखंडी जाळ्या. तळघरात फोमचा साठा. दोनशेवर बायका तिथे मशीन चालवतात. मी तीनदा अहवाल दिला, तीनदा 'पाहिला' असा शेरा मारून कागद परत आला. आग लागल्यावर विहीर खणायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत.

ती इमारत पेटणार, हे मला माझ्या नावासारखं माहीत आहे. आणि माझ्याकडे श्वासाचे सेट दोन. एकाचा मास्क गळतो. दुसऱ्याच्या गेजचा काटा कधीचा मेलाय, म्हणून आम्ही घड्याळ बघूनच माणूस आत सोडतो. वीस मिनिटं झाली की बंबाचा हॉर्न वाजवायचा, म्हणजे तो परत फिरतो. बाकीचे नाकाला ओलं फडकं बांधतात. तुमच्याकडे अशा ठिकाणी काय करतात ते सविस्तर लिही.

फोन करू नकोस. फोनवर तू पुटपुटतोस, मला निम्मं कळत नाही. पत्र बरं, दोनदा वाचता येतं.

दादा

१५ फेब्रुवारी

दादा, नमस्कार मोठा, पत्रही मोठं.

आमच्याकडे अशा इमारतीला चार गाड्या एकदम जातात. दोघं आत, दोघं तयार होऊन दाराशी उभे. ते दोघं तिथे नसतील तर पहिल्या दोघांना आत पाऊलच टाकता येत नाही, मग आतून कोणी कितीही ओरडो. मला पहिल्या वर्षी हे पटायचं नाही. आपल्याकडे आधी उडी मारतात, मग पाणी किती आहे ते बघतात. इथे आधी पाणी बघतात. पाण्याचंही तसंच, शंभर पावलांवर रस्त्यात नळ असतो, झाकण उघडून नळी लावली की झालं. टँकरची वाट बघत देवाला हाका मारणारा अधिकारी मी इथे आल्यापासून पाहिलेला नाही.

दाराशी एक अधिकारी पाटी घेऊन बसतो. कोण आत गेलं, किती वाजता गेलं, सगळं त्या पाटीवर. बाकी काही करायचं नाही, फक्त पाटी. तू हे आजपासून सुरू कर, याला काही लागत नाही.

आणि आता मुख्य बातमी. इथे सेटला पंधरा वर्षं झाली की कायद्याने काढून टाकतात, चांगला चालत असला तरी. आमच्या स्टेशनातून सहा निघालेत. मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले, ने. खोकं जहाजाने निघालं आहे. एका सिलिंडरवर चाळीस मिनिटं मिळतात, तसा छापच आहे त्यावर. तुझ्या वीसच्या दुप्पट. हवा संपत आली की सेट आपणहून शिटी वाजवतो.

शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या आपल्या बुटक्याला सांग, पट्टे आवळावे लागतील, हे सेट माणसांच्या मापाचे आहेत.

धाकटा

२५ मार्च

धाकट्या,

खोकं आलं. फोडायला सगळं स्टेशन जमलं होतं. सहाच्या सहा धडधाकट. बुटक्याने पहिला अंगावर चढवला. पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही सिलिंडर त्याच्या ढुंगणावर आपटतो, पण तो म्हणतो की धूर वर असतो आणि मी खाली, त्यामुळे निम्मी हवा मला तशीही फुकट. तुमच्या शाळेच्या बाकावर तो होता तसाच आहे, अक्कल नाही पण जीव लावणारा. हल्ली तर माझं शेपूटच झालाय. आगीच्या वर्दीवर गेलो की माझ्या उजव्या हाताला येऊन उभा. कोणी काही बोललं की तेच मला पुन्हा मोठ्याने सांगतो. मी म्हणतो, अरे मला कळलं, तरी सांगतोच.

पाटी केली. शाळेतली जुनी काळी पाटी, वर खडू बांधलाय. नाव, आत गेल्याची वेळ, बाहेर यायची वेळ. चाळीस मिनिटं धरून.

सगळे सिलिंडर आपल्या कंप्रेसरवर भरून ठेवलेत, टम्म. तू काळजी करू नकोस. आता ती इमारत पेटली तर पेटू दे, असं बोलू नये, पण आता निदान छाती दडपत नाही. तुझ्या वहिनीने तुझ्या नावाने गोड केलं. खाल्लं मी.

दादा

९ एप्रिल

दादा,

पत्र वाचून दोन दिवस हवेत होतो. मग काल इथे एका गोदामाच्या वर्दीवर पाटीपाशी मीच बसलो होतो, आणि एकदम लक्षात आलं की तुला एक गोष्ट सांगायचीच राहिली.

ती चाळीस मिनिटं छापापुरती धर. स्वस्थ उभ्या माणसाची ती चाळीस. जिना चढून, माणूस ओढत असलास तर पंचवीससुद्धा मिळत नाहीत. इथे हे सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून कोणी बोलत नाही, आणि मीही छाप बघून लिहून मोकळा झालो. थोडी मिजासही होती. आम्ही पाटीवर वेळेशेजारी गेजचा आकडा लिहितो, आणि आतल्याला वायरलेसवर सारखं विचारतो, किती उरलं. तुझ्याकडे वायरलेस नाही. मग शिटी हेच घड्याळ समज. शिटी वाजली की पाटीवर काहीही लिहिलेलं असो, माणूस बाहेर.

आणखी एक. हे सिलिंडर तीनशेच्या दाबाचे आहेत. तुमचा कंप्रेसर तीनशेपर्यंत भरतो ना? जुने दोनशेवरच थांबतात. तसं असेल तर हवा एक तृतीयांश कमी, हे ध्यानात ठेव.

फोनच करणार होतो. पण तुला फोन आवडत नाही, आणि एवढी घाईही नाही. हे पत्र मिळालं की पाटी बदल.

धाकटा

१६ एप्रिल

भाऊजी,

मी पत्र लिहितेय म्हणजे काही बरं नसणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. फोनवर सांगायला गेले तर मला रडू येतं आणि नुसती मिनिटं जातात, म्हणून लिहिते.

बारा तारखेला सकाळी ती शिलाईची इमारत पेटली. तळघरातून. बहुतेक बायका गच्चीवरून शेजारच्या इमारतीवर गेल्या. पाच जणी दुसऱ्या मजल्यावर अडकल्या होत्या. तुमचे बुटके भाऊजी तुम्ही पाठवलेला सेट घालून आत गेले आणि एकेक करून पाचही जणींना जिन्याच्या तोंडापर्यंत आणून सोडलं. पाचही वाचल्या. ते स्वतः आले नाहीत. आगीवर पाणी पडल्यावर पहिल्या मजल्याच्या वळणावर सापडले, मास्क काढलेला होता.

जिवंत आहेत. इस्पितळात नळ्या लावल्यात. डॉक्टर म्हणतात धूर खोल गेलाय, गळा आतून भाजलाय, काही सांगता येत नाही. त्यांची आई बाहेरच्या बाकावर बसून असते. मी डबा नेते, ती झाकण उघडत नाही.

आणि हे. सकाळी उठतात, इस्पितळात जातात, काचेतून बघतात, परत येतात. ती पाटी घरी आणलीय. पुसू देत नाहीत. आगीनंतर तुम्ही दोनदा फोन केलात तेव्हा 'बरं, बरं' म्हणून ठेवून दिला, मी जवळच होते. तुम्ही काय म्हणालात विचारलं तर उठून ओट्यावर जाऊन बसले.

काहीतरी लिहा त्यांना. तुमचं ऐकतात ते.

वहिनी

२५ एप्रिल

दादा,

वहिनीचं पत्र मिळालं. त्याआधी मी नऊ तारखेला एक पत्र टाकलं होतं, ते मिळालं का हे विचारायलाच दोनदा फोन केला होता. ते तुला कधी मिळालं? एवढं एकच सांग. बाराच्या आधी मिळालं की नंतर? मी दहा वेळा टपालाचे दिवस मोजलेत, प्रत्येक वेळी नंतरच येतं.

मी चाळीस लिहिलं. मी लिहिलं ते. उंटावरून शेळ्या हाकायला मला काय जात होतं? इथे मी चार गाड्या, रस्त्यातला नळ आणि दाराशी दोन माणसं घेऊन आगीशी लढतो, आणि तुला एका छापाच्या भरवशावर आत ढकलतो. तिथे पाटी म्हणजे नुसती पाटी नसते रे, तिच्यामागे वायरलेस असतो, गेज असतं, दुसरी माणसं असतात. मी तुला फक्त पाटी पाठवली.

चौकशी बसेलच. तू सगळं माझ्यावर टाक. माझी पत्रं दाखव. भावाने परदेशातून काढून टाकलेले सेट पाठवले, चुकीची मिनिटं सांगितली, असं लिहून दे. इथे माझं कोणी काही करणार नाही. तुझी तीस वर्षांची नोकरी आहे.

मला झोप येत नाही. स्टेशनात कुणाची शिटी वाजली, चाचणीची का असेना, की मी बाहेर जाऊन उभा राहतो. बुटक्या कसा आहे ते लिही. वाईट असलं तरी लिही.

धाकटा

६ मे

धाकट्या,

तुझं नऊ तारखेचं पत्र वीसला मिळालं. वरातीमागून घोडं. वाचून घडी करून ठेवलं. पण तू त्यावरून स्वतःला फाशी देऊ नकोस. मी काय केलं ते ऐक.

सेट भरले त्या दिवशी गेजवर काटा दोनशेवर थांबला. पुढे आकडे होते, अडीचशे, तीनशे. मला दिसलं. बुटक्यानेही विचारलं, दादा, हा काटा मध्येच का थांबला? मी म्हणालो, आपल्याकडे दोनशे म्हणजे भरलं. तुला लिहिणार होतो. मग म्हटलं, कशाला, धाकट्याला कळेल की यांचा कंप्रेसर अजून तोच बाबा आदमच्या जमान्यातला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तुला 'टम्म' असं लिहिलं. टम्म नव्हते. मला माहीत होतं.

बारा तारखेला बुटक्या अकरा दहाला आत गेला. पाटीवर मी लिहिलं, बाहेर अकरा पन्नास. अकरा सत्तावीसला ड्रायव्हर माझ्या कानाशी येऊन ओरडला, साहेब, शिटी ऐकू येते. मी म्हणालो, कसली शिटी, अजून तेवीस मिनिटं आहेत, पंपाचा आवाज असेल. त्याने वळून बंबाच्या हॉर्नवर हात ठेवला. मी तो हात खाली केला. माझ्या हाताने. पुढच्या पाच मिनिटांत चौथी आणि पाचवी बाई बाहेर आली, म्हणजे तो कामच करत होता. मग कोणी आलं नाही.

बुटक्या तसाच आहे. डोळे उघडतो, ओळखतो की नाही कळत नाही.

चौकशीचे साहेब काल घरी आले होते. कागद तयार करून आणला होता. 'परदेशातून आलेले कालबाह्य संच सदोष होते.' खाली माझी सही. सही केली की मी मोकळा, बंब माझ्याकडेच राहणार, आणि उरलेले पाच सेट सील करून गोदामात. विचार करायला महिना दिलाय.

तुझी वहिनी म्हणते सही करा.

दादा

१७ मे

दादा,

सही कर. हात जोडतो.

पण त्याआधी मला एक सांग. तो सेट मी स्वतः चार वर्षं पाठीवर वाहिलाय. त्याची शिटी दोन भिंतींपलीकडे ऐकू येते, पंप चालू असला तरी. ड्रायव्हरला ऐकू आली. तू त्याच्या शेजारी उभा होतास.

तू फोन घेत नाहीस. 'पुटपुटतोस' म्हणतोस, मी पुटपुटत नाही, इथे मला सगळे 'भोंगा' म्हणतात. बुटक्या प्रत्येकाचं बोलणं तुला परत मोठ्याने सांगतो, असं तूच लिहिलंस. नेहमी उजव्या हाताला उभा राहतो. डाव्या नाही.

दादा, तुला ऐकू येत नाही का? कधीपासून?

हे चौकशीत बोलू नकोस. सेट सदोष होते, एवढंच म्हण. सेट गेले तर गेले, मी पुन्हा पाठवीन, कसेही मिळवीन. कान गेलेला माणूस वर्दीवर नेला असं निघालं तर तुला नोकरीच्या शेवटच्या वर्षात घरी बसवतील, आणि आयुष्यभर लोक म्हणतील की ह्यानेच. मी इथून येऊन तुझ्याशेजारी उभाही राहू शकत नाही. मला फक्त एवढंच करता येतं, लिहिता येतं, आणि माझ्या लिहिण्याने काय झालं ते दिसतंच आहे. तरी लिहितो. सही कर.

धाकटा

११ जून

धाकट्या,

सही केली नाही. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

डावा कान चार वर्षांपूर्वीच गेला, उजवा गेल्या दोन वर्षांत. पंपाशेजारी तीस वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. तपासणीच्या वेळी बुटक्या दाराबाहेर उभा राहायचा. आत डॉक्टर हळू बोलून विचारायचे, मी दाराच्या फटीतून बुटक्याच्या बोटांकडे बघून उत्तर द्यायचो. आम्हाला ती मोठी गंमत वाटायची. बंब सुटला तर मी करणार काय, ही मला भीती. म्हणून तो माझा कान झाला. स्टेशनात सगळ्यांना वाटायचं की तो चमचेगिरी करतो.

आणि बारा तारखेला आत कोणाला पाठवायचं असा प्रश्न आला तेव्हा मी त्यालाच पाठवलं. सगळ्यात बुटका, सगळ्यात चपळ, सेटची सवय त्यालाच. योग्यच माणूस निवडला, कुठल्याही अधिकाऱ्याने तोच निवडला असता. फक्त माझ्या उजव्या हाताला जागा रिकामी झाली, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

पाटी घेऊन चौकशीला गेलो आणि हे सगळं सांगितलं. कंप्रेसर, काटा, कान, हॉर्नवरचा हात. साहेब म्हणाले, अहो, हे कोणी विचारलेलं नाही. मी म्हणालो, सेट चांगले आहेत, त्यांना सील करू नका, नाहीतर पोरं पुन्हा फडकी बांधून आत जातील. त्यांनी दोन-तीनदा काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, आणि या वेळी मी तसं सरळ सांगितलं. मग ते पाटीवर लिहून विचारायला लागले. त्याच पाटीवर. चाळीस पुसून.

एक तारखेपासून मी घरी आहे. पेन्शनचं काय ते ठरायचंय. सेट स्टेशनातच आहेत, नव्या कंप्रेसरची मागणी गेली आहे, येईल तेव्हा येईल. तोवर ड्रायव्हरने पाटीवर नवा रकाना आखलाय, काटा किती. दोनशे असेल तर पंधरा मिनिटांना हॉर्न, आणि शिटी वाजली की वेळ न बघता हॉर्न. परवा एक वर्दी झाली, लहानशीच. दोघं आत गेले, दोघं आले. मी घरी ओट्यावर बसलो होतो. बंब समोरून गेला तो मला दिसला.

बुटक्या उठून बसतो. नळ्या निघाल्या. आवाज गेला, डॉक्टर म्हणतात परत येणार नाही, आणि वर्दीवर तर कधीच नाही. मी रोज जातो. नळ्या निघाल्यावर पहिले दोन दिवस त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माझी बाही ओढून मला बिछान्याच्या दुसऱ्या बाजूला यायला लावलं, माझा उजवा कान त्याच्याकडे येईल असा. बोलता येत नाही तरी सवय गेली नाही. आता त्याला बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही, आमचं भांडण कसं ते होतच नाही.

आज मी त्याला लिहून विचारलं की आतमध्ये काय झालं. तुला पाठवायचं आहे असंही लिहिलं. त्याने खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय. अक्षर वेडंवाकडं आहे, पण शाळेतही तसंच होतं.

दादा

धाकट्या, सेट चांगला होता. पट्टे खरंच मोठे. शिटी वेळेवर वाजली, मला स्वच्छ ऐकू आली. दोन बायका उरल्या होत्या, म्हटलं दादा हॉर्न देईलच, तोवर यांना काढू. मग आठवलं, बाहेर दादाला सांगायला मी नाही.